अकरावी अट

सोमवारची सकाळची बुलढाणा गाडी चिखलीच्या स्टँडवरून हलली, तेव्हा कोकिळाला खिडकीजवळची जागा मिळाली होती, हे तिचं नशीब. आणि त्या खिडकीची झडप लागत नव्हती, हे गाडीचं. भाद्रपदाची भुरभुर सरळ तिच्या मांडीवर येत होती. तिनं पदर पुढे ओढला आणि त्याच्या आडोशाला धरून घराचा करारनामा वाचायला घेतला.

कोकिळा बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. शनिवारी दुपारी अमडापूरला आईवडिलांकडे जायची, सोमवारी उजाडताच परत निघायची. छापलेलं किंवा लिहिलेलं काहीही समोर आलं की ते वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. फुटाणे संपले की ती पुडीचा कागद उलगडून वाचायची. हा करारनामा मात्र बाबांनी दोन वर्षं कपाटात कुलपाखाली ठेवला होता आणि आज पहिल्यांदाच तिच्या हाती दिला होता, तोही फक्त वकिलांकडे पोचवायला. अकरा वाजता बुलढाण्याच्या दिवाणी कोर्टात तारीख होती, म्हणून तिनं शाळेतून रजा घेतली होती. बाबा मागच्या गाडीनं येणार होते.

बाबा म्हणजे वामनराव, निवृत्त पोस्टमास्तर. नोकरी संपल्यावर त्यांनी गावात स्लॅबचं घर बांधलं. सदुसष्ट साली अमडापुरात अशी घरं बोटांवर मोजण्याइतकीच होती. ठेकेदार होते चिखलीचे गुलाबराव. पाच वर्षं छत गळणार नाही, गळलंच तर दुरुस्त करून देऊ, अशी त्यांनी लेखी हमी दिली होती. छत पहिल्याच पावसाळ्यात गळलं. दुसऱ्या पावसाळ्यात धार देवघरात आली आणि आईला देव उचलून धान्याच्या कोठीवर ठेवावे लागले. गुलाबरावांनी दोनदा माणूस पाठवून वरून सिमेंट फासलं. तिसऱ्यांदा म्हणाले, हमी मान्य, पण दोष आमचा नाही. बाबांनी दावा लावला.

दहा अटी वाचून झाल्या. अकरावी पानाच्या अगदी तळाशी सुरू झाली होती. 'या हमीबाबत उभयतांत काही वाद पडल्यास तो कोर्टात न नेता...' इथं पान संपलं. तिनं ते उलटायला बोट लावलं, पण ओला कागद मागच्या पानाला चिकटून बसला होता.

"...देऊळघाटचे कडूबा मिस्त्री यांच्यापुढे लवाद म्हणून मांडावा, व ते देतील तो निवाडा उभयतांनी मानावा," वरून आवाज आला.

कोकिळानं मान वर केली. दांडीला धरून एक तरुण उभा होता. हातावर घडी घातलेला काळा कोट, काखेत लाल फडक्यात बांधलेलं दप्तर. बोलून गेल्यावर तोच दचकल्यासारखा दिसला. तिनं नखानं पान सोडवलं, उलटलं. शब्दाला शब्द तेच.

"दुसऱ्याचे कागद वाचायची सवय आहे का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"वाचले नाहीत. पाठ आहेत."

"पाठ? ते कसे?"

त्यानं उत्तरासाठी तोंड उघडलं... तेवढ्यात त्याची नजर कागदावरच्या वामनरावांच्या नावावर गेली आणि उत्तर ओठांतच राहिलं. आत्ता सांगता येणार नाही, असं काहीसं पुटपुटत तो दाराकडे सरकला. बुलढाणा आलं तसा पहिला उतरला आणि छत्री न उघडताच भराभर निघून गेला.

कोकिळाचं दिवसभराचं चित्त त्या एका प्रश्नानं खाल्लं असतं. पण तसं झालं नाही, कारण दोन तासांनी तोच तरुण कोर्टात, समोरच्या बाजूला उभा होता.

त्याचं नाव शेषराव. चिखलीच्या एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली तो काम करायचा, आणि गुलाबरावांचं प्रकरण त्यांनी त्याच्यावर सोपवलं होतं. स्वतःच्या जबाबदारीवर चालवायचं त्याचं हे पहिलंच प्रकरण. त्यानं न्यायाधीशांपुढे अर्ज ठेवला. अकराव्या अटीप्रमाणे हा वाद लवादाकडे जायला हवा, तेव्हा दावा इथंच थांबवावा. बाबांचे वकील उठून म्हणाले, एका राजमिस्त्र्यानं निवाडा द्यायचा असेल तर कोर्टं कशाला बांधली? न्यायाधीश किंचित हसले आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख देऊन मोकळे झाले.

बाबा रागानं लाल झाले होते. ते वकिलांशी बोलत असताना कोकिळा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. शेषराव तिथं दप्तर बांधत होता.

"तुम्हाला ती अट पाठ कशी, ते अजून सांगितलं नाहीत."

"समोरच्या पक्षकाराशी मी प्रकरणावर बोलू शकत नाही," तो अवघडून म्हणाला. "तुमच्या वकिलांशी बोलू शकतो."

"मग माझ्याशी बोलता येईल असं काही आहे का?"

त्यानं खरोखरच विचार केला. "पाऊस आहे."

"तो आमच्या घरात आहे. म्हणजे प्रकरणातच आला."

तो हसला. हसताना त्याची मान जराशी डावीकडे कलायची, हे तिनं पाहिलं. आणि पाहिलं हे त्याला कळलं, हेही पाहिलं.

पुढच्या सोमवारी चिखलीला गाडी थांबली तेव्हा तो ठरल्यासारखा चढला. तो रोजच त्या गाडीनं कोर्टात जायचा, पण त्या दिवशी कोकिळाच्या शेजारची जागा मोकळी होती आणि बसावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग तो बसला... मध्ये वीतभर अंतर ठेवून.

घर, छत, मिस्त्री, ठेकेदार हे सगळे विषय वर्ज्य. उरलेल्या जगावर बोलायला अख्खा रस्ता होता. तो धाडचा. वडील लहानपणीच गेले, आई झुंबरबाई भाजीपाला लावते. नागपूरला वकिली शिकताना तो खाणावळीत पोळ्या मोजायचं काम करायचा. तिनं त्याला विचारलं, मोजताना कधी चुकला का? तो म्हणाला, भूक लागली की चुकायचो. ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. बुलढाणा आलं तेव्हा दोघांनाही वाटलं, हा रस्ता या लोकांनी उगाच डांबरी केला.

त्याच प्रवासात तिनं पुन्हा वळसा घालून तोच विषय काढला. प्रकरणाचं नको, निदान कायद्याचं तरी सांगा.

"कायदा कुणा पक्षकाराचा नसतो," तो म्हणाला. "लवादाचा कायदा चाळीस सालचा आहे. वाचनालयात मिळेल. पण इंग्रजीत आहे."

"मला इंग्रजी येतं," ती म्हणाली. त्या आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत शाळा सुटली की ती वाचनालयात कोश शेजारी घेऊन बसली.

पुस्तक कोरडं होतं, पण तिला ते कोरडं वाटलं नाही. दोन माणसं आधीच ठरवून ठेवतात, की आपलं बिनसलं तर कुणाकडे जायचं. पटण्याच्या दिवसांतच न पटण्याची सोय. हे तिला फार विलक्षण वाटलं. मग ती चौतिसाव्या कलमापाशी आली. ज्याला लवादाकडे जायचं असेल त्यानं कोर्टाला तसं सुरुवातीलाच सांगावं, कामकाजात दुसरं कुठलंही पाऊल टाकण्याआधी. एकदा पाऊल टाकलं की हक्क गेला.

तिनं ते तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या वकिलांकडे जाऊन तिनं दाव्याचे सगळे कागद पाहायला मागितले. तळाशी एक चिठ्ठी होती. पहिल्या तारखेला, वकील नेमण्याच्याही आधी, गुलाबरावांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं की दाव्याला जबाब द्यायला मुदत मिळावी. ते पाऊल होतं. वकिलांनी कपाळाला हात लावला, मग खुशीत येऊन म्हणाले, पोरी, तू चुकून मास्तरीण झालीस.

तिलाही आनंद व्हायला हवा होता. झाला, पण रस्त्यात कुठंतरी गळून गेला. शेषरावाचं पहिलं प्रकरण होतं ते, आणि कायद्याकडे बोट त्यानंच दाखवलं होतं.

तिसऱ्या सोमवारी ती गाडीत गप्प बसली. त्यानं विचारलं, आज प्रश्न संपले का? ती म्हणाली, नाही... आज उत्तर सापडलंय, आणि ते तुम्हाला सांगता येत नाही.  उतरताना तो फक्त तिची पिशवी तिच्या हातात देत म्हणाला, सापडलं ते चांगलं झालं.

आणखी एक कोडं घरात होतं. कडूबा मिस्त्र्यांचं नाव काढलं की बाबा भडकायचे. देऊळघाटचा हा म्हातारा अख्ख्या जिल्ह्यात सरळ माणूस म्हणून ओळखला जायचा, मग बाबांना त्यांचं एवढं वावडं का? कोकिळानं विचारलं की बाबा म्हणायचे, त्याच्याजवळ ना खुर्ची, ना शिक्का, निवाडा कसला देतो तो. आणि हे म्हणताना दरवेळी आई चुलीकडे तोंड फिरवायची. एकदा कोकिळाला वाटलं, आई हसतेय. बाबा मात्र तोवर छतावर निघून गेलेले असायचे, सदाफुलीच्या कुंड्यांना पाणी घालायला. पाऊस पडत असला तरी.

तारखेच्या दिवशी बाबांच्या वकिलांनी ती चिठ्ठी न्यायाधीशांपुढे ठेवली. शेषरावानं ती हातात घेतली, वाचली. त्याचे कान लाल झाले. ज्येष्ठ वकील मागच्या बाकावरून त्याच्याकडे पाहत होते. तो शब्दांचा कीस काढू शकला असता. पण त्यानं चिठ्ठी परत ठेवली आणि म्हणाला, "कागद खरा आहे. तो मी पाहायला हवा होता. माझ्या नजरेतून सुटला."

न्यायाधीशांनी आदेश दुपारच्या सुट्टीनंतर देतो म्हणून सांगितलं.

शेषराव कोर्टामागच्या कडुलिंबाखाली, पायरीवर बसला होता. कोकिळा समोर जाऊन उभी राहिली. 

"तुम्ही वाचलं," तोच म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "मी नाही वाचलं. एवढीच गोष्ट आहे."

"ती अट पाठ कशी, ते आता तरी..."

"मीच लिहिली ती." तो पायरीवरची निंबोळी बोटानं सरकवत राहिला. "कॉलेजच्या सुट्टीत गुलाबरावांकडे लिखापढी करत होतो. तुमच्या घराचा करारनामा म्हणजे मी लिहिलेला पहिला कागद. पहिला कागद पाठ राहतोच."

मग त्यानं सांगितलं. धाडला त्यांच्या घराची एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक होती. ती कुणी बांधायची यावरून वडिलांच्या वेळेपासून दावा चालू होता. चौदा वर्षं. आई दर तारखेला भाकर बांधून बुलढाण्याला यायची, त्याला कडेवर घेऊन, पुढे बोट धरून. निकाल लागला तेव्हा भिंत कधीच पडून गेली होती. हे सांगताना त्याची पुस्तकी भाषा कधी गळून पडली, ते त्यालाही कळलं नाही. "भिंत पडली, पण तारीख पडाची राह्यली नाई. तवाच मनात ठरवलं. जो कागद मी लिहीन, त्यात घर जाणणाऱ्या माणसाचं नाव राहीन. गुलाबराव तं नकोच म्हणत होते. म्हणे, कडूबा मिस्त्री मलेही सोडत नाई."

 कोकिळा वळली आणि जवळजवळ धावतच बाबांकडे गेली.

बाबा व्हरांड्यातल्या बाकावर विजयी चेहऱ्यानं चहा पीत होते. ती त्यांच्या शेजारी बसली. म्हणाली, बाबा, आपण जिंकलो, आता कुणी आपल्याला जबरदस्तीनं कडूबा मिस्त्र्यांकडे पाठवू शकत नाही. पण त्याच कायद्यात एकविसावं कलमही आहे. दावा चालू असतानासुद्धा दोन्ही बाजूंनी राजीखुशीनं अर्ज केला, तर कोर्ट वाद लवादाकडे सोपवतं. आपण जाऊ, आपल्या मर्जीनं. नाहीतर किती पावसाळे आई देव घेऊन घरभर फिरणार?

बाबा म्हणाले, नाही म्हणजे नाही.

"बाबा," तिनं आवाज खाली केला, "कडूबा मिस्त्री छतावर चढतील, याचीच भीती आहे का तुम्हाला?"

वामनरावांनी कप खाली ठेवला आणि आपल्या जोड्यांकडे पाहत राहिले.

"वर काय आहे?"

"तुह्या मायले इचार," ते हळूच म्हणाले. बऱ्याच वेळानं, चहा पार निवल्यावर, त्यांनी खिशातून पेन काढलं.

दुपारी न्यायाधीशांनी शेषरावाचा अर्ज फेटाळला, आणि लगेच दुसरा अर्ज मंजूर केला, ज्याच्यावर वामनराव आणि गुलाबराव दोघांच्याही सह्या होत्या. कोर्टातला कारकून म्हणाला, अशी हार आणि अशी जीत त्यानं एकाच दिवशी पाहिली नव्हती.

आठ दिवसांनी कडूबा मिस्त्री अमडापूरला आले. काटकुळा म्हातारा, डोक्याला मुंडासं, बोलणं कमी. त्यांनी छताच्या कडेनं मातीचा बांध घालायला लावला, गुलाबरावांच्या माणसांकडून वर पाणी भरून घेतलं आणि खाली येऊन घरात मांडी घालून बसले. दुपारपर्यंत छताच्या मधोमध ओल उतरली. ते गुलाबरावांकडे वळून म्हणाले, वरचा सिमेंटचा कोबा पातळ आहे अन् त्याले उतारच नाई, पाणी जाईल कुठं. गुलाबरावांनी मान खाली घातली. मग दुसरीकडे, देवघरावर, थेंब थेंब पडायला लागला. कडूबा पुन्हा वर गेले. सदाफुलीच्या कुंड्या एकेक करून बाजूला केल्या. त्यांच्यामागे स्लॅबमधून वर आलेला लोखंडी पाइप उभा होता, टोकाला रेडिओची तार बांधलेली.

"पोस्टमास्तर," कडूबांनी शांतपणे विचारलं, "हे झाड कधी लावलं?"

परदेशी स्टेशनं नीट लागावीत म्हणून बाबांनी, कोकिळा बुलढाण्याला असताना, स्लॅब फोडून तो पाइप बसवून घेतला होता. दोन वर्षं ही गोष्ट त्यांनी आपल्या वकिलालाही सांगितली नव्हती. आई जिन्यात उभी होती. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही, सरळ हसली.

निवाडा चार ओळींचा झाला. गुलाबरावांनी नवा कोबा उतार देऊन घालावा. वामनरावांनी पाइप काढून भोक आपल्या खर्चानं बुजवावं. दोघांनी सह्या केल्या. सही करताना दोघांनाही हलकं वाटलं असावं, कारण नंतर ते एकाच बाजेवर बसून चहा प्यायले.

शेषराव त्या दिवशी आला नव्हता. पुढच्या सोमवारी गाडीतही नव्हता. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. बाबांच्या वकिलांकडून कळलं, की चिठ्ठी नजरेतून सुटली म्हणून ज्येष्ठ वकिलांनी त्याला कामावरून काढलं. आता त्यानं बुलढाण्यात एक खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं आहे, पण अजून कुणी येत नाही. कोकिळा खिडकीबाहेर पाहत बसायची. आता बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. फक्त बोलणारा माणूस नव्हता. गावात तो कुठं राहतो ते एकदा विचारून घ्यावं असं तिच्या मनात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला प्रश्न विचारायची लाज वाटली.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी आई म्हणाली, "धाडच्या बाजाराले जाऊन येऊ. तिथं मिरची चांगली भेटते."

कोकिळानं आईकडे पाहिलं. अमडापूरच्या बाजारात मिरचीचे ढीग लागलेले असायचे. धाडला जायचं म्हणजे तीन गाड्या बदलायच्या. धाडचं नाव घरात एकदाच निघालं होतं, शेषरावाच्या पडलेल्या भिंतीची गोष्ट तिनंच आईला सांगितली तेव्हा.

"काऊन धाडच?" तिनं विचारलं.

"सारंच इचारत जाऊ नये," आई म्हणाली आणि चपला घातल्या.

धाडचा बाजार ऐन भरात होता. भाजीच्या ओळीत, वांग्यांच्या ढिगामागे एक उन्हानं रापलेली बाई बसली होती. तिच्या शेजारी गोणपाटावर, बाह्या दुमडून, हातात तराजू धरून शेषराव बसला होता. कोकिळाला पाहिलं आणि तराजूचं पारडं कलंडलं. चार वांगी घरंगळत तिच्या पायाशी आली.

"तुम्ही... इथं?"

"आईला मिरची घ्यायची आहे."

"मिरची पलीकडच्या ओळीत आहे."

"माहीत आहे," कोकिळा म्हणाली, आणि जागची हलली नाही.

आई मात्र खाली बसली. एकेक वांगं उचलून, निरखून परत ठेवत तिनं झुंबरबाईंची चौकशी केली. माहेर कुठलं, पाणी कुठून आणता, पोरगा एकुलता का. आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाली, "चाला, मले मिरचीची ओळ दाखवा." झुंबरबाईंनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

दोघंच राहिली. एक गिऱ्हाईक वांग्यांचा भाव दोनदा विचारून तसंच निघून गेलं. 

"मी गाडीत नव्हतो, कारण..."

"कळलं मला. माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे नाही. मी वाचलं नाही म्हणून." त्यानं तराजू खाली ठेवला. "आता प्रकरण संपलं. तुमच्याशी कशावरही बोलता येतं मला. पंधरा दिवस झाले, काय बोलावं तेच जुळवून राह्यलो."

"जुळलं का?"

"जुळलं होतं... तुमाले पाह्यलं अन् सारं इसरलो." त्यानं मान वर केली. "कोकिळाबाई, मले तुम्ही आवडता. दुसऱ्या सोमवारपासून."

तिच्या गालांवर ऊन चढलं. तरी सवय गेली नाही. "पहिल्या सोमवारपासून काऊन नाही?"

"पहिल्या सोमवारी तुम्ही रागावल्या होत्या."

ती हसली. खाली वाकून तिनं पायाशी पडलेली वांगी गोळा केली, ढिगावर ठेवली, आणि हात झटकत, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "मले सारं इचाराची सवय आहे. सकाळी उठल्यापासून इचारीन. म्हातारपणीही इचारीन. चालन?"

"चालन," तो म्हणाला. हसताना त्याची मान डावीकडे कलली.

आया परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत एकही मिरची नव्हती. शेषरावानं मिरचीचं विचारलं तर कोकिळाची आई म्हणाली, मिरची आमच्या गावालेच बरी हाय.  झुंबरबाई आपल्या जागेवर बसल्या, थोड्या सरकल्या आणि गोणपाटावर हात मारून म्हणाल्या, "ये पोरी, इथं बस. तिकडं ऊन लागते."

कोकिळा बसली.  मग तिनं हळूच झुंबरबाईंना विचारलं, हा लहानपणी कसा होता?

झुंबरबाई सांगू लागल्या, आणि शेषराव उन्हात उभा राहून वांगी विकू लागला.